कच्चा टाका

अठरा वर्षं भायखळ्याच्या आमच्या मंडळीत
अर्पण मोजतो मी.
उपासना संपली की मागच्या खोलीत
मखमलीची थैली उलटी करायची,
नाणी एकीकडे, नोटा एकीकडे,
कुणाच्या तरी खोकल्याच्या गोळीचा कागद तिसरीकडे.
उझियाभाऊ आकडा बोलणार,
मी वहीत उतरवणार. डाव्या हाताने.
शाळेत गुरुजींनी छडी मारून पाहिली होती,
हात बदलला नाही.

पहिल्या रविवारी एक पाकीट यायचं.
विजेच्या जुन्या बिलाची घडी,
तोंड डिंकाने नव्हे, दोऱ्याने बंद.
कच्चा टाका. कधी मोरपंखी, कधी डाळिंबी,
एकदा अबोली.
आत आठशे. कधी साडेआठशे.
बिलावरचं नाव कापून घेतलेलं,
तिथे नुसती चौकोनी खिडकी.
उझियाभाऊ म्हणायचे, आहे बुवा कुणी शौकीन.
त्या पैशांतून तिमथी रणनवरेच्या पोरीची फी गेली,
आग्रीपाड्याच्या एका म्हाताऱ्याची शवपेटी आली,
तीही पॉलिश केलेली.

नाताळाआधी बायकोने साडीला फॉल लावून आणला.
रात्री पलंगावर पसरली,
मी सहज काठ हातात घेतला
आणि चष्मा शोधला.
तोच टाका.
दर चार बोटांवर एक मागे घेतलेला,
काही विसरल्यासारखं
माणूस जिन्यावरून परत येतं तसा.
"कुणाकडून गं?"
"शुलमिथबाई लोंढे. आणखी कुणाकडून?"

शुलमिथबाई लोंढे.
माझ्याच वहीत, उलट्या बाजूला, खर्चाच्या रकान्यात:
गरीब निधी, गुडघ्याच्या औषधासाठी, दरमहा आठशे.
मीच देतो.
ती दोनदा मोजते, सही करते,
देव तुमचं बरं करो म्हणते
आणि लंगडत जिना उतरते.

उजवा काय करतो ते डाव्याला कळू नये,
हे वचन लहानपणी पाठ केलं
तेव्हा मी हसलो होतो.
आता डाव्याला कळलं होतं.
बायकोला सांगितलं नाही. उझियाभाऊंना नाही.
कमिटीत संगमरवरी पाटीचा विषय निघाला,
दात्यांची नावं, पाच हजारांपासून पुढे.
मी चहा ढवळत बसलो,
साखर केव्हाच विरघळली होती.

यंदा जुलैत तिच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला.
नायरला ऑपरेशन.
दोन महिने पाकीट नाही,
आणि रणनवरेच्या पोरीचं दुसरं सत्र तोंडावर.
बायको झोपल्यावर मी सुई शोधली.
बिल माझ्या घरचं, दोरा शर्टाच्या बटणाचा, पांढरा.
बोटाला दोनदा टोचलं.
टाके असे पडले
जशी दारू प्यालेल्या मुंगळ्यांची रांग.
नाव कापायचं आठवलं
ते शिवून झाल्यावर. मग सगळं उसवलं,
पुन्हा बसलो.

रविवारी थैली माझ्या हातून पुढच्या बाकावर गेली.
तिथे शुलमिथबाई, डोळ्यावर हिरवी पट्टी.
आपली दहाची नोट टाकली,
आणि हात आत जरा जास्तच वेळ राहिला.
गायनवाले तिसऱ्या कडव्यावर आले
तरी थैली तिच्याकडेच.

बाहेर चहाच्या रांगेत
अर्धी नानकटाई रुमालात बांधता बांधता
ती म्हणाली, माझ्याकडे न बघता,
"भाऊ, दोरा एवढा ओढू नये. कागद फाटतो.
सैल ठेवायचा.
उघडणाऱ्यालाही उघडता आलं पाहिजे."

मी म्हटलं, कसला दोरा?

"तेच तर," म्हणाली,
आणि कप पुढे केला.
"कसला दोरा."